संध्याकाळी साडेसहाची किरकिर आणि एक स्टीलचा डबा

जाईजुई

माझी लेक साडेतीन वर्षांची आहे. संध्याकाळी साडेसहाला ऑफिसातून येताना तिला पाळणाघरातून घेते. तिथल्या मावशी रोज कौतुकाने सांगतात, "आज अगदी शहाण्यासारखी जेवली, एकदासुद्धा रडली नाही." आम्ही दोघी हात धरून सोसायटीत शिरतो, लिफ्टचं दार लागतं आणि तिथून सुरू होतं. बटण तू का दाबलंस? मी दाबणार होते. परत खाली चल. चप्पल टोचतेय. ही चप्पल नकोच. दुसरी पण नको. दारात पोचेपर्यंत खालचा ओठ पुढे आलेला आणि आत गेल्यावर फरशीवर पालथी. पुढचा तासभर "ऊं ऊं ऊं" अशी बारीक पिरपिर, शिट्टी व्हायच्या आधी कुकर फुसफुसतो ना, तशी.

ओरडून पाहिलं, समजावून पाहिलं, बिस्किट देऊन पाहिलं. मोबाइल दिला की गप्प बसते, पण काढून घेतला की आधीचं सगळं व्याजासकट बाहेर येतं. सासूबाई म्हणतात लक्ष देऊ नकोस, आपोआप थांबेल. थांबते खरी, पण रडून रडून झोपी जाते आणि उपाशी झोपते. मला ते बघवत नाही.

गेल्या मंगळवारी एक गोष्ट घडली म्हणून हा धागा काढतेय. उपम्यासाठी रवा घ्यायला गेले तर डबा रिकामा. लेक माझ्या पोटरीला कपाळ टेकवून पिरपिरत होती. मी वाकून तिला जवळ घ्यायला गेले, तो रिकामा डबा हातात तसाच होता आणि तिचं तोंड नेमकं डब्याच्या तोंडाशी आलं. तिचं "ऊं ऊं" आत घुमलं. ती गप्प झाली. डब्यात डोकावली. परत एकदा "ऊं" केलं, या वेळी मुद्दाम. मग डबा दोन्ही हातांनी ओढून घेतला आणि फरशीवर बसून त्यात तोंड घालून बोलत सुटली. जाडा आवाज, बारीक आवाज, लिफ्टचं नाव, चपलेचं नाव, "नको नको नको". मी काही बोलले नाही, नुसती शेजारी बसले. पाचेक मिनिटांनी म्हणाली, "झाकण दे." झाकण लावलं, वरून दोन्ही तळहातांनी दाबलं आणि डबा ओट्याखाली सरकवून दिला. जेवताना मध्येच उठून त्याला कान लावून आली. "झोपली," म्हणाली आणि वरणभात संपवला.

बुधवारी लिफ्टमध्येच तिने विचारलं, "आई, डबा?" गुरुवारी मी आपणहून डबा पुढे केला तर तिने तो भिरकावला. त्याला आता एक पोचा आहे.

तुमच्या घरी असे कोणते खेळ आहेत ते सांगा. आणि मंगळवारी जमलं ते गुरुवारी का जमलं नाही, हे कुणाच्या लक्षात येतंय का?

ताकभात

आधी एक साधी गोष्ट विचारते. पाळणाघरात शेवटचं खाणं किती वाजता देतात? आमच्याकडे चारला द्यायचे. म्हणजे साडेसहाला पोर अडीच तास रिकाम्या पोटी असायचं, आणि वर दिवसभर दंगा केलेला. या वयात "मला भूक लागलीय" असं ओळखता येत नाही. चप्पल टोचते, आई नको वाटते, जग नको वाटतं. मी पर्समध्ये राजगिऱ्याची वडी नाहीतर केळं ठेवायला लागले आणि पाळणाघराच्या पायरीवरच बसून भरवायचे. घरी नाही हं, पायरीवरच. अर्धी किरकिर तिथेच संपली. उरलेल्या अर्धीसाठी खेळ.

ओसरी

जाईजुई, तुझा डबा वाचून मला माझी आई आठवली.

आम्ही पाच भावंडं. त्यातलं कुणी दिवेलागणीला किरकिर करायला लागलं की आई हातातलं काम टाकून उठायची. मुठीत मीठ, मोहरी, दोन लाल मिरच्या. आम्हाला पाटावर बसवायचं आणि ती मूठ डोक्यापासून पायापर्यंत उतरवायची. पुटपुटायची काहीतरी. मग ते चुलीत टाकलं की तडतड आवाज. दृष्ट लागते की नाही यावर मी आज वाद घालणार नाही, माझा स्वतःचा विश्वास नाही. पण त्या पाटावर बसल्यावर काय वाटायचं ते मला सत्तरीतही आठवतं. सगळं घर थांबलंय, आई फक्त माझ्याकडे बघतेय, आणि जे काही आत खुपत होतं ते माझ्या अंगावरून खाली ओढून तिने विस्तवात टाकलं. रडायचं कारणच हातातून काढून घेतल्यासारखं व्हायचं. कुणी "गप्प बस" म्हटलेलं नसायचं. "काय झालं" म्हणून उलटतपासणीही नसायची. आईने आधी मानलेलं असायचं की काहीतरी झालंय.

आता माझा नातू चार वर्षांचा आहे. तो फुरंगटून पलंगाखाली गेला की मी त्याच्या कापडी हत्तीची दृष्ट काढते. मिरच्या नाहीत, विस्तव नाही, ठसका लागतो लेकरांना. मुठीत तांदळाचे चार दाणे. मोठ्याने हत्तीशी बोलते, "अगं बाई, हत्तीला कुणाची लागली म्हणायची? सकाळपासून सोंड खाली." पहिल्या दिवशी पलंगाखालून आवाज आला, "आजी, तू चुकतेयस." मी म्हटलं, अरे, मग कसं? तो बाहेर येऊन दाखवून गेला. हत्तीची झाली, मग आजीची झाली, मग कुंडीतल्या तुळशीची. शेवटी स्वतःच पाटावर येऊन बसला, डोळे मिटून. तेवढा वेळ त्याला द्यावा लागतो. आधी त्याला धरून बसवलं असतं तर लाथा मारल्या असत्या.

गुरुवारचं म्हणशील तर मला वाटतं मंगळवारी डबा तिचा होता आणि गुरुवारी तुझा झाला.

घाटमाथा

ओसरीकाकू, शेवटची ओळ अगदी पटली. तिच्याच जवळपास जाणारं आमचं सांगतो.

आम्ही म्युनिकला असतो. मुलगा चार वर्षांचा. इथे डिसेंबरात संध्याकाळी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी घराबाहेर पडायचं म्हणजे आतला गरम कपड्यांचा थर, त्यावर पँट, त्यावर स्नोसूट, मोजे, बूट, टोपी, हातमोजे. प्रत्येक थरावर एक भांडण. हातमोज्यापर्यंत पोचलो की त्याला शू लागायची. सकाळी साडेसातला आम्ही दोघेही रडवेले.

मी मूळचा कर्जतचा. लहानपणी स्टेशनात उभं राहून बँकर लागताना बघणं हा आमचा उद्योग होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कर्जतहून लोणावळ्याकडे घाट चढताना गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. बोरघाटात ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे, पुढच्या इंजिनाला एकट्याने गाडी वर नेणं जड जातं. म्हणून मागून रेटा. घाट संपला की बँकर सुटतात.

मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा मुलाने ते पहिल्यांदा पाहिलं आणि त्याच्या डोक्यात ते घट्ट बसलं. परत आल्यावर एका सकाळी तो दारात फतकल मारून बसलेला, मी मागे गुडघ्यांवर बसलो, दोन्ही तळवे त्याच्या पाठीला टेकवले आणि म्हटलं, "कर्जत. बँकर लागलेत. पुढचं इंजिन तयार आहे का?" काही उत्तर नाही. मी ढकललं नाही. ही गोष्ट मला नीट सांगायची आहे. बँकर नुसता चिकटून उभा राहतो, पुढच्याने शिट्टी दिल्याशिवाय जोर लावत नाही. अर्धं मिनिट गेलं असेल. त्याची पाठ माझ्या हाताखाली जरा सैल पडली आणि अगदी बारीक आवाजात "कूऽऽ" आलं. निघाली गाडी. स्नोसूटच्या बाह्या म्हणजे बोगदे. हात आत गेला की मी म्हणतो, "अंधार, अंधार, अंधार," आणि बोटं बाहेर आली की तो म्हणतो, "उजेड!" टोपी म्हणजे खंडाळा. दाराबाहेर लोणावळा, तिथे बँकर सुटतात आणि तो एकटा जिना उतरतो.

कधी कधी शिट्टी येतच नाही. मग मी तिथेच मागे बसून राहतो. दोनदा किंडरगार्टनला उशीर झाला आहे. चालतं.

पाटपाणी

पाण्याची बादली, दोन वाट्या, चहाची गाळणी. मोरीत बसवा. आमच्या मुलीचा पारा याने उतरला नाही असा दिवस आठवत नाही. हिवाळ्यात कोमट पाणी. बाकी काही बोलायचं नाही, शिकवायचं नाही, "किती वाट्या झाल्या सांग" असं तर अजिबात नाही.

काजवा

मला थोडं वेगळं सांगायचं आहे, कुणाला दुखवायचं नाही.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना आमच्या शेजारचं कुटुंब दुसऱ्या गावी गेलं. त्याच्या रोजच्या खेळातली मुलगी गेली. त्यानंतर आठवडाभर तो प्रत्येक गोष्टीवर चिडायचा. पोळी गोल नाही, शर्टाला बटणं का आहेत, पंख्याचा आवाज येतो. मी आपली रोज नवं काहीतरी करायचे. चमच्याचा फोन करून "हॅलो, पोळी बोलतेय" म्हणायचे, उशीला मिशा काढायचे, नाचायचे. तो हसायचा सुद्धा. एका रात्री मी असंच काहीतरी सुरू केलं आणि त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाला, "आई, हसवू नको मला."

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. त्याला रडायचं होतं आणि मी त्याला रडू देत नव्हते. मी दिवा मालवला, तो माझ्या दंडात तोंड खुपसून कितीतरी वेळ रडला आणि मग शेजारच्या मुलीचं नाव घेतलं. आठवड्यात पहिल्यांदा.

तेव्हापासून मला खेळाने मुलाचा मूड "घालवायचा" ही कल्पनाच नकोशी वाटते. त्याच्या रागाला कारण असतं. ते आपल्याला दिसत नाही म्हणून ते नाही असं थोडंच असतं?

जाईजुई

काजवा, तुमचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. मी नेमकं तेच करत होते का, असं मनात आलं. पण डब्याच्या वेळी तिने रडणं थांबवलं नव्हतं, ते डब्यात केलं होतं. तोंड बंद करणं आणि तोंडाला जागा देणं यात फरक असावा. मला अजून नीट मांडता येत नाहीये.

चिंचोका

जाईजुई, तुम्ही नीट मांडलंत. मी बावीस वर्षं बालवाडीत होते, डहाणू तालुक्यात. आता निवृत्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच पाड्यावर, त्यांच्या अंगणात न्यायची. महागडी साधनं न आणता शंख-शिंपले, पानं, बिया, खडे यांच्यावर मोजणं आणि रंग शिकवायचे. आम्हा पुढच्या पिढीच्या ताईंना ज्यांनी शिकवलं त्या सतत एकच सांगायच्या: मूल येत नाही म्हणून हाक मारत बसू नका, उठा आणि ते जिथे आहे तिथे जाऊन बसा. हे अंतरापुरतं नव्हतं. रुसलेल्या मुलालाही तेच लागू पडतं.

एक मुलगा होता, चार वर्षांचा. रोज सकाळी यायचा आणि दाराच्या मागे उभा राहायचा. दार आणि भिंत यांच्या कोपऱ्यात, कपाळ फळीला टेकवून. कुणी हात लावला की चावायचा. खाऊ दिला तर फेकायचा. बाकीची मुलं गोलात बसून आपडी-थापडी खेळत असायची. मी पहिल्या आठवड्यात लाडीगोडी केली, गाणी म्हटली, काहीही उपयोग झाला नाही.

मग मी चिंचोक्यांचं गाठोडं घेऊन दाराच्या अलीकडे बसायला लागले. त्याच्याकडे पाठ करून. चिंचोक्यांच्या रांगा लावायचे. एक पांढरा, एक काळा, एक पांढरा, एक काळा. आमच्याकडे चिंचोके अर्धे फोडून ठेवलेले असतात, एक बाजू पांढरी, एक काळी. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम चुकले. दोन काळे शेजारी शेजारी ठेवले आणि पुढे गेले. मागून काही आलं नाही. चौथ्या दिवशी परत चुकले. दाराच्या फटीतून एक बोट बाहेर आलं, चुकीचा चिंचोका उलटा केला आणि परत आत गेलं. मी वळून बघितलं नाही. "बरं झालं," एवढंच म्हटलं आणि पुढची रांग लावली. त्या दिवशी असं सहा वेळा झालं. पुढच्या आठवड्यात तो दाराबाहेर बसला होता, माझ्या रांगांवर लक्ष ठेवायला.

त्या मुलाला कुणी समजूत काढलेली नको होती. घरात लहान बाळ आलं होतं, त्याला आजीकडे ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. त्याचा राग खरा होता. पण रोज कोपऱ्यात उभं राहून तो दमला होता आणि तिथून निघायचं कसं हे त्याला कळत नव्हतं. मोठी माणसं नाही का, रुसून बसतात, जेवणार नाही म्हणतात, मग दोन तासांनी भूक लागते आणि आपणहून ताटावर येणं जड जातं. कुणीतरी "जरा मीठ चाखून बघता का" म्हणावं लागतं. मीठ चाखायला म्हणून उठता येतं. मुलाला तसं काहीतरी निमित्त लागतं. आपण चुकायचं, म्हणजे त्याला शहाणपणाने उठता येतं. हरून उठावं लागत नाही.

काजवाताई, तुमच्या लेकराने तुमच्या तोंडावर हात ठेवला, कारण त्याच्याकडे दुसरं निमित्त नव्हतं. तुम्ही दिवा मालवलात, तेही त्याच्या जागी जाऊन बसणंच झालं.

काजवा

चिंचोकाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आभार.

उंबरठा

चांगल्या धाग्यात एक कडवट गोष्ट टाकतेय, पण खेळाच्या नावाखाली चालणारी एक रीत मला मनापासून खटकते. चिडवणं.

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नात होतो. तीन वर्षांची भाची दुपारची झोप न झाल्याने आधीच रडवेली. एक जवळचे नातेवाईक तिच्या आईच्या गळ्यात हात टाकून म्हणाले, "ही आता आमची आई, आम्ही हिला घेऊन जाणार." मुलगी किंचाळली. सगळे हसले. मग "रडूबाई रडूबाई" सुरू झालं. कोणीतरी मोबाइल काढून तिचं रडणं टिपून घेतलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. ती हॉलच्या खांबामागे जाऊन बसली आणि जेवायला आलीच नाही.

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण यात मजा कुणाला आली? खेळात दोघांना मजा यायला हवी आणि थांबवायचा हक्क त्यातल्या लहानाकडे हवा. गुदगुल्यांचंही तेच. मूल हसतंय म्हणजे त्याला आवडतंय असं नाही, गुदगुल्यांनी हसू आपोआप येतं. आमच्या घरी "बस" म्हटलं की त्या क्षणी हात वर करायचे असा नियम आहे. मुलगी मुद्दाम "बस" म्हणून तपासून बघते. आम्ही दर वेळी हात वर करतो.

प्राजक्त

मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. वरचं सगळं छानच, पण एवढं जरूर बघा. नेहमी हसतं-खेळतं मूल अचानक चार-सहा दिवस सतत किरकिरं झालं, तर खेळ शोधायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. कान दुखत असेल तर लहान मुलाला सांगता येत नाही, आडवं झालं की जास्त दुखतं म्हणून झोपेच्या वेळी आकांत करतं. बद्धकोष्ठ, जंत, दाढा येणं, लघवीचा जंतुसंसर्ग. अंगात लोह कमी असेल तरी मूल चिडचिडं आणि मलूल होतं, आणि हे आपल्याकडे बरंच दिसतं. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला अंगणवाडी-शाळांमधून जंतनाशक गोळी देतात, ती चुकवू नका.

आणि झोप. १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास लागते, ३ ते ५ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास, दुपारची धरून. जाईजुई, तुमची लेक पाळणाघरात दुपारी झोपते का? तिथे झोपत नसेल आणि रात्री साडेदहाला झोपून सकाळी सातला उठत असेल, तर हिशेब जमत नाही.

दोनच हात

सगळ्यांचं वाचून छान वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. मला जुळे आहेत, तीन वर्षांचे. नवरा शिफ्टमध्ये. घरात सासरे अंथरुणाला खिळलेले. चिंचोक्यांच्या रांगा लावत बसायला माझ्याकडे वेळ नाही. एक रडतो तेव्हा दुसरा पण रडतो. कधी कधी मी पण. माझ्यासारखीने काय करायचं?

ताकभात

दोनच हात, आधी तुला घट्ट मिठी. तुझ्या वाट्याला खरंच खूप आलंय.

मला वेळ नसतानाचं एकच येतं, कुजबुजणं. दोघं भोकाड पसरून बसले की आपला आवाज चढतो ना, त्याऐवजी एकाच्या कानाशी जाऊन अगदी हळू काहीतरी सांगायचं. काहीही. "फ्रीजमध्ये आज एक टोमॅटो हसत होता." ऐकायला त्याला गप्प व्हावं लागतं, आणि दुसऱ्याला काय सांगितलं ते हवं असतं. अर्धं मिनिट लागतं. नाही चाललं तर नाही.

ओसरी

मुली, कणीक तिंबताना दोघांना एकेक गोळा दे. लांबवर नाही, तुझ्याच परातीच्या कडेला. आपटू देत, चिमटे काढू देत, बोटं खुपसू देत. राग हातातून जातो. काम तर तुला करायचंच आहे. आणि त्या गोळ्यांच्या पोळ्या लाटून त्यांनाच खायला घाल, काळ्या झाल्या असल्या तरी. हात धुऊन घ्यायचे आधी, एवढंच.

आणि ज्या दिवशी तूही रडशील, त्या दिवशी त्यांच्याजवळ बसून रड. दार लावून नको.

घाटमाथा

दोनच हात, दोघांना एकमेकांचे बँकर करून बघा. आमच्याकडे मित्र आला की एक पुढे, एक मागे, आणि मोरीपर्यंतचा घाट त्यांचे तेच चढतात. शिट्टीचा नियम मात्र आधी शांत असताना शिकवावा लागतो, नाहीतर ढकलाढकली होते.

दोनच हात

कणकेचं आज करून पाहिलं. एकाने गोळ्याला "तू वाईट आहेस" म्हणून बुक्क्या मारल्या. कोण वाईट ते सांगितलं नाही. पण पोळी खाल्ली त्याने. दुसऱ्याने कणीक केसांना लावली, ती निघता निघत नव्हती. उद्या परत देणार आहे. ओसरीकाकू, शेवटच्या ओळीसाठी खूप आभार.

जाईजुई

पंधरा दिवसांनी लिहितेय, सगळ्यांना एकदमच.

पाळणाघरात विचारलं. दुपारी झोपत नव्हती, पडून राहायची फक्त. तिथे नवीन मुलं आली आहेत आणि खोलीत गलका असतो. मावशींनी तिची गादी आता आतल्या खोलीत घातलीय. तासभर झोपते. रात्रीचं जेवण आम्ही अर्धा तास अलीकडे आणलं. पर्समध्ये केळं आहे, ते सोसायटीच्या कट्ट्यावर बसून खाऊन होतं आणि मगच लिफ्ट. बटण तिचं. मी विसरून हात पुढे केला तर माझा हात धरून खाली करते.

एवढ्यानेच बरंच निवळलं. पण रोज नाही. परवा कट्ट्यावर केळं मोडलं. सालीतून काढताना मधोमध तुटलं आणि ते परत जोडून हवं होतं. ते कसं जोडणार? तेव्हा मी चिंचोकाताईंचं आठवून तिच्या शेजारी बसले आणि माझ्या वाटचं केळंही मोडलं. दोन तुकडे झाले. मी म्हटलं, "माझं पण." ती रडतच होती, पण रडत रडत माझे तुकडे तपासले. मग तिचा एक तुकडा माझ्या एका तुकड्याला लावून बघितला. जुळला नाही. दुसरा लावला. चार तुकड्यांची सगळी जुळवाजुळव होईपर्यंत आम्हा दोघींचे हात चिकट झाले होते आणि वॉचमनकाका चिमण्यांना दाणे टाकायला आले होते. त्यांना तिने सांगितलं, "मोडलं." ते म्हणाले, "अरेरे, दोन्ही?" ती म्हणाली, "हो, दोन्ही." आणि एकेक तुकडा खाल्ला.

डब्याचं सांगायचं राहिलं. गुरुवारनंतर मी तो पुढे केलाच नाही. खालच्या फळीवर, तिचा हात पोचेल तिथे ठेवून दिला. आठवड्यातून दोन-तीनदा स्वतः काढते. कधी नुसता कान लावते आणि ठेवून देते. एकदा तिच्या बाबाला नेऊन दिला, त्यानेही मान आत घालून काहीतरी पुटपुटलं. काय ते मला अजून दोघांनीही सांगितलेलं नाही.

रविवारी सकाळी ती डबा घेऊन आली आणि म्हणाली, "भरला." गच्चीवर गेलो. तिने कठड्याशी उभं राहून झाकण उघडलं, डबा उपडा केला, दोनदा आपटला आणि आत डोकावली. बराच वेळ बघत होती.

"थोडी तळाला चिकटलीय," म्हणाली.

खाली आणून तिनेच घासला, साबण जरा जास्त झाला. आता ओट्यावर पालथा घातलाय, पोच्याची बाजू भिंतीकडे. रवा अजून पिशवीतच आहे, रबरबँड लावून.